सह्याद्रीतील वाटांसाठी माउंटन बाइक आणि टायर

माउंटन बाइकची निवड ती ज्या जमिनीवर चालणार त्या जमिनीपासून सुरू होते, आणि सह्याद्रीची जमीन एका जातीची नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेकडे, नाशिकपासून साताऱ्यापर्यंत, बेसॉल्ट झिजून झालेला मुरूम आणि त्यावर पसरलेले सुटे दगड आढळतात. तीव्र उतारावर याच मुरमाचा घसारा होतो. कोकणात, गोव्यात आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या माथ्यावर जांभा आहे. तो कोरडा असताना कानशीसारखा खरखरीत असतो, तर पावसाळ्यात शेवाळ धरल्यावर त्यावर पाय ठरत नाही. नद्यांच्या खोऱ्यांत काळी माती. तिच्यावरून मार्चमध्ये सायकल सहज पळते आणि जुलैमध्ये पन्नास पावलेही सरकत नाही. भरीला देशावर बाभूळ, बोर आणि सराट्यांचे काटे आहेतच. युरोप-अमेरिकेतील मासिकांतले बरेचसे सल्ले ओलसर, भुसभुशीत जंगलमाती आणि सायकलींसाठी मुद्दाम आखलेल्या वाटा गृहीत धरून दिलेले असतात. ते इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

इथे सायकलींसाठी बांधलेल्या वाटा थोड्याच आहेत. गावांना जोडणाऱ्या गाडीवाटा, गुराख्यांच्या पाऊलवाटा, कालव्याकडेचे कच्चे रस्ते यांवरच बहुतेक स्वारी होते, आणि तिथवर पोचण्यासाठी आधी दहा-वीस किलोमीटर डांबर तुडवावे लागते. अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानांत तर वन खात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेता येत नाही. म्हणून सायकल अशी हवी की जी चढाला जड वाटणार नाही, डांबरावर दमवणार नाही आणि घसाऱ्यावर हातातून सुटणार नाही. या तिन्ही गोष्टी सारख्याच चांगल्या जमणारी सायकल कोणी बनवत नाही. कुठे किती सोडून द्यायचे हे घेणाऱ्याने ठरवायचे असते.

सायकलीचा प्रकार

माउंटन बाइकचे प्रकार मुख्यतः ट्रॅव्हलवरून, म्हणजे शॉकअप किती मिलिमीटर दबू शकतो यावरून, ओळखले जातात. क्रॉस-कंट्री सायकलीला साधारण १०० ते १२० मिमी ट्रॅव्हल असतो, ट्रेल सायकलीला १२० ते १५०, एन्ड्युरोला १५० ते १८०, तर केवळ उतारासाठी बनवलेल्या डाउनहिल सायकलीला २०० च्या आसपास. ट्रॅव्हल वाढला की वजन वाढते, आणि चढावर पायडलला लावलेला जोर काही अंशी शॉकअप दाबण्यात खर्च होतो. वर वर्णन केलेल्या मिश्र वाटांना १२० ते १३० मिमी पुरतो.

त्याहून वादाचा प्रश्न मागच्या शॉकअपचा. फक्त पुढे शॉकअप असलेली सायकल म्हणजे हार्डटेल, दोन्हीकडे असलेली फुल सस्पेन्शन. चांगली फुल सस्पेन्शन सायकल खडकाळ उतारावर मागचे चाक जमिनीला धरून ठेवते आणि कंबर वाचवते, यात शंका नाही. मात्र चांगल्या सांध्यांना आणि चांगल्या शॉकला पैसे पडतात. त्याच पैशांत हार्डटेल घेतली तर फोर्क (पुढचा शॉकअप), ब्रेक, गिअर आणि चाके एक पायरी वरची मिळतात. शिवाय सांध्यांतील बेअरिंगमध्ये आपल्याकडचा पावसाळा शिरतो तेव्हा दुरुस्तीला सुटे भाग मिळणे हा वेगळाच उद्योग होतो. पहिली सायकल घेणाऱ्याने हार्डटेलच घ्यावी.

बाजारात ‘डबल शॉकर’ म्हणून विकली जाणारी स्वस्त सायकल हा फुल सस्पेन्शनचा स्वस्त अवतार नव्हे. तिच्या मागच्या बाजूला फक्त स्प्रिंग असते, तिची उसळी आवरणारे तेलाचे डॅम्पिंग नसते. परिणामी चढावर सायकल प्रत्येक पायडलगणिक डोलते आणि उतारावर खड्डा गेल्यावरही उडत राहते. मुलांना ती दिसायला आवडते आणि दुकानदारही ती पुढे करतात. घसाऱ्यावर तिच्यापेक्षा शॉकअप नसलेली साधी सायकल बरी.

सायकल खरोखर डोंगरात नेण्याजोगी आहे का, हे तिच्या माहितीपुस्तिकेतून कळू शकते. अमेरिकेतील एएसटीएम या प्रमाणीकरण संस्थेच्या एफ२०४३ या वर्गवारीत पाच गट आहेत. पहिला गट फक्त पक्क्या रस्त्यांसाठी, दुसऱ्यात कच्चे रस्ते आणि सुमारे १५ सेंमीपर्यंतची उडी, तिसऱ्यात खडबडीत वाटा आणि सुमारे ६१ सेंमीपर्यंतची उडी, चौथ्यात १२२ सेंमीपर्यंत, पाचवा त्यापलीकडचा. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकांत या गटाचा उल्लेख असतो. डोंगरवाटांसाठी किमान तिसरा गट हवा. जाड नळ्या, भडक अक्षरे आणि खाचांचे टायर असलेली कितीतरी मॉडेल दुसऱ्या गटातच मोडतात, आणि ते वाचल्याशिवाय कळत नाही.

माप आणि घडण

फ्रेमचे माप चुकले तर बाकीचे सगळे भाग उत्तम असूनही उपयोग नाही. पूर्वी सीटच्या नळीच्या लांबीवरून माप ठरत असे. आता रीच हा आकडा अधिक महत्त्वाचा मानला जातो; पायडलच्या आसापासून फ्रेमच्या पुढच्या डोक्यापर्यंतचे आडवे अंतर म्हणजे रीच. उतारावर पायडलवर उभे राहिल्यावर हात किती लांबवावे लागतात ते त्यावर ठरते. दुकानात सायकलवर फक्त बसून पाहणे पुरेसे नाही. पायडल आडवे ठेवून, कोपर किंचित वाकवून उभे राहून पाहावे. गुडघे हँडलला लागत असतील तर माप लहान; पुढच्या चाकावर वजन द्यायला अंग ताणावे लागत असेल तर मोठे. दोन मापांच्या मधोमध उंची येणाऱ्यांनी अरुंद, वळणावळणाच्या पाऊलवाटांसाठी लहान माप घ्यावे.

हेड अँगल म्हणजे पुढच्या नळीचा जमिनीशी कोन. क्रॉस-कंट्रीत तो साधारण ६७ ते ६९ अंश असतो, आजच्या ट्रेल सायकलींत ६५-६६. कोन कमी झाला की पुढचे चाक स्वारापासून दूर जाते, उतारावर सायकल स्थिर राहते. चढावर आणि संथ वळणावर मात्र ती थोडी आळशी वाटते. जुन्या धाटणीच्या, ७० अंशांहून उभ्या कोनाच्या सायकली अजूनही विकल्या जातात. तीव्र घसाऱ्यावर त्या स्वाराला हँडलवरून पुढे फेकू पाहतात.

फोर्कमध्ये स्प्रिंगचे आणि हवेचे असे दोन प्रकार आहेत. स्वस्त स्प्रिंग फोर्क ठरावीक वजनासाठी बसवलेला असतो. पन्नास किलोच्या मुलीला तो दबतच नाही आणि नव्वद किलोच्या माणसाला तळाला टेकतो. हवेच्या फोर्कमध्ये शॉक पंपाने दाब बदलून तो स्वाराच्या वजनाला जुळवता येतो. स्वार सायकलवर असताना फोर्क एकूण ट्रॅव्हलच्या १५ ते २० टक्के दबलेला असावा, म्हणजे १२० मिमीच्या फोर्कमध्ये साधारण १८ ते २४ मिमी. हवेचा फोर्क हाच हार्डटेलवरील सर्वात सार्थ खर्च. त्याला देखभाल लागते हे मात्र विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही: रॉकशॉक्ससारखे उत्पादक दर ५० तासांच्या वापरानंतर खालच्या नळ्या उघडून तेल बदलायला सांगतात.

चाकांच्या मापांबद्दल पूर्वी जोरात चाललेला वाद आता बहुतांशी मिटला आहे. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील माउंट टॅमलपायसच्या उतारांवर या खेळाने आकार घेतला तेव्हा जुन्या श्विन सायकलींची २६ इंची फुगीर चाके हाताशी होती, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षे तेच माप चालले. आज प्रौढांच्या नव्या सायकलींत २९ आणि २७.५ इंच ही मापे चालतात. मोठे चाक दगडावर चढताना कमी अडखळते, म्हणून मुरमाच्या वाटांना २९ योग्य. उंची १६० सेंमीच्या आत असेल तर २७.५ अधिक सुटसुटीत पडते. २६ इंची नवी सायकल घेऊ नये. त्या मापाचे चांगले टायर शोधणे दिवसेंदिवस कठीण होत आहे.

पुढे सुधारणा करायची असेल तर तीन गोष्टी आधीच पाहून ठेवाव्यात. एक, मागचे गिअर फ्रीहबवर बसणाऱ्या कॅसेटचे आहेत की आट्यांवर फिरवून बसवायच्या जुन्या फ्रीव्हीलचे. दोन, पुढची नळी खाली रुंद होणारी, म्हणजे टेपर्ड, आहे का. नसेल तर चांगल्या फोर्कचे पर्याय फारच कमी उरतात. तीन, रिम ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारा, टायर घेऊ शकते का. पुढे-मागे थ्रू-अॅक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाणारा आस, असेल तर उत्तमच, पण स्वस्त गटात तो आग्रह परवडत नाही.

गिअरांची संख्या हा फसवा आकडा आहे. २१ गिअरांच्या सायकलीत सर्वात हलका गिअर बहुधा पुढे २४ आणि मागे २८ दात्यांचा असतो. २६ इंची चाकावर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण १.८ मीटर पुढे जाते. पुढे ३० दात्यांची एकच चकती आणि मागे ५१ दात्यांपर्यंतची १२ गिअरांची कॅसेट असेल तर २९ इंची चाकावरही हे अंतर १.३५ मीटरच्या आसपास येते. चढावर उतरून ढकलायचे की बसून चढायचे, हे याच फरकावर ठरते. पुढची चकती एकच असल्याने चेन चकत्यांवरून सरकवणारा, चिखलात अडकणारा पुढचा डिरेलरही जातो. ब्रेक हायड्रॉलिक डिस्कचेच घ्यावेत. केबलचे डिस्क ब्रेक चालतात. लांब घाट उतरताना बोटे मात्र दुखू लागतात. पुढची डिस्क १८० मिमीची असावी. पावसाळी चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात, तिथे धातुमिश्रित पॅड जास्त टिकतात. मात्र आपली डिस्क ते सोसते का, ते डिस्कवरच छापलेले असते, ते आधी वाचावे.

टायर

सायकलीवर हजारो रुपये खर्च करणारे बरेच जण तिच्यासोबत आलेल्या टायरवरच वर्षे काढतात. हे उलटे आहे. जमिनीला टेकतात ते दोन टायरच, आणि मध्यम किमतीच्या हार्डटेलवर चांगले टायर चढवले की तिच्या चालीत पडणारा फरक फोर्क बदलण्याइतका जाणवतो. कारखान्यातून येणारे टायर बहुधा कडक रबराचे, तारेच्या कडेचे आणि डांबरावर जास्त टिकावेत अशा हिशेबाचे असतात.

टायरच्या बाजूवर दोन प्रकारे माप लिहिलेले असते. २९×२.२५ हे इंचांतले माप सगळ्यांना कळते. ५७-६२२ हे त्याचेच मिलिमीटरमधले रूप अधिक भरवशाचे. यातला ५७ म्हणजे रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमवर टायर बसतो त्या ठिकाणचा व्यास. २७.५ इंचांसाठी हा व्यास ५८४ आणि २६ साठी ५५९ असतो. दुसरा आकडा तंतोतंत जुळलाच पाहिजे. पहिल्यात थोडी मोकळीक असते, पण ती रिमच्या आतील रुंदीने बांधलेली. २.३ ते २.५ इंची टायरला २५ ते ३० मिमी आतील रुंदीची रिम लागते. स्वस्त सायकलींची रिम १९-२० मिमी असते; तीवर २.४ चा टायर फुग्यासारखा बसतो आणि वळणावर एका अंगाला लोळतो. अशा रिमला २.१ ते २.२५ पुरे. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंनी किमान सहा मिमी जागा मोकळी राहते का, तेही पाहावे. नाहीतर चिखलातला एखादा खडाही फ्रेमचा रंग खरवडून काढतो.

खाचांची, म्हणजे रबरी ठोकळ्यांची, रचना हा टायरचा स्वभाव. मधले ठोकळे बसके आणि दाट असतील तर टायर वेगाने लोळतो. उंच आणि विरळ असतील तर मातीत रुततो आणि चिखल झटकतो. बाजूचे ठोकळे सायकल वळणावर कलली की कामाला येतात. मॅक्सिस कंपनीचा आयकॉन हा पहिल्या जातीचा, क्रॉस-कंट्री शर्यतीचा टायर. रेकॉन त्याहून किंचित दणकट. मिनियन डीएचएफच्या बाजूच्या ठोकळ्यांची सलग भिंत वळणावर पकड देते. श्वालबेमध्ये नॉबी निक सर्व प्रकारच्या वाटांसाठी आणि मॅजिक मेरी मऊ, ओल्या जमिनीसाठी. मुरमाच्या घसाऱ्यावर बाजूचे ठोकळे दणकट हवेत, मधले मध्यम उंचीचे चालतात. टणक जमिनीवर सुटे खडे असताना फार उंच ठोकळे उलट वाकतात आणि सायकल पोहल्यासारखी वाटते.

दोन्ही चाकांना एकच टायर लावण्याची गरज नाही. पुढचे चाक घसरले तर माणूस पडतो; मागचे घसरले तर बहुधा सावरता येते. म्हणून पुढे जास्त पकडीचा, मऊ रबराचा, थोडा रुंद टायर आणि मागे वेगाने लोळणारा, कडक रबराचा, असे जोडकाम करावे. देशावरच्या वाटांसाठी पुढे २.४ चा मिनियनसारखा आणि मागे २.३ किंवा २.४ चा रेकॉनसारखा टायर ही जोडी डांबरावरही फार जड जात नाही. बाजूवर छापलेला फिरण्याच्या दिशेचा बाण बघूनच टायर चढवावा. उलटा चढवलेला टायर चालतो, फक्त ब्रेक मारल्यावर त्याची पकड कमी पडते.

रबराचा मऊपणा जांभ्यावर विशेष महत्त्वाचा. ओल्या, शेवाळलेल्या कातळावर ठोकळे रुतायला जागाच नसते. तिथे पकड येते ती रबर खडकाला चिकटण्याने. कडक रबराचा टायर, मग तो कितीही खाचांचा असो, तिथे बर्फावर गेल्यासारखा सुटतो. पण हाच जांभा कोरडा झाला की मऊ रबर भराभर खातो. कोकणात बारमाही सायकल चालवणाऱ्याने पुढे मऊ आणि मागे कडक हा नियम आणखी काटेकोरपणे पाळावा. सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यांवरून, जाताना मळलेली गाडीवाट सोडू नये, हेही इथेच सांगायला हवे. तिथल्या मातीचा थर काही सेंटिमीटरचा असतो, आणि पावसाळ्यात त्यावर येणाऱ्या फुलोऱ्यात चाकाने पाडलेली चाकोरी पुढच्या वर्षीही दिसते.

काळ्या मातीसाठी टायर सुचवता येत नाही. ओली काळी माती ठोकळ्यांच्या मधल्या जागा भरून टाकते, मग फोर्कमध्ये अडकते आणि शेवटी चाकच फिरायचे थांबते. चिखलाचे खास टायर लाल मातीत आणि जंगलातल्या पालापाचोळ्यात उपयोगी पडतात. काळ्या मातीपुढे तेही हरतात. पावसाळ्यात तो भाग टाळून मुरमाच्या वाटा धराव्यात, कारण मुरमातून पाणी लवकर निचरते.

टायरचे कापड, म्हणजे केसिंग, ६० किंवा १२० टीपीआयचे असते. एका इंचात किती धागे आहेत, त्याचा हा आकडा. १२० टीपीआयचे कापड हलके आणि लवचीक, ६० चे जाड आणि सोशिक. बेसॉल्टच्या धारदार कडा टायरची बाजू फाडतात, आणि ती जखम ट्यूबलेसच्या द्रवाने भरत नाही. म्हणून मागच्या टायरला तरी बाजूचे संरक्षक अस्तर हवे. मॅक्सिसमध्ये ते एक्सो या नावाने येते. शंभर-दीडशे ग्रॅम वजन वाढले तरी चालेल.

काटे, ट्यूब आणि हवा

सराट्याचा काटा तीन-चार मिमीचा, पण तो एकटा येत नाही. पावसाळा संपल्यावर शेतांच्या बांधांवरून एक फेरी मारली की टायरमध्ये पाच-दहा रुतलेले सापडतात. बाभळीचा काटा लांब असतो, तो जाड टायरही भेदतो. अशा मुलखात ट्यूबलेसला पर्याय नाही. रिमला हवाबंद टेप, ट्यूबलेस टायर, स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि आत लॅटेक्सचा द्रव, म्हणजे सीलंट, एवढी सामग्री लागते. २९ इंची टायरला साधारण १०० मिली सीलंट घालावा. काटा रुतला की द्रव भोकाशी येऊन गोठतो आणि स्वाराला बहुधा पत्ताही लागत नाही. देशावरच्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतो, म्हणून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून तो तपासावा. टायर हलवून आत द्रवाचा आवाज येत नसेल तर भर घालावी. मोठ्या भोकासाठी रबरी प्लग आणि ते खुपसायची सुई खिशात असावी.

तरीही एक ट्यूब जवळ हवीच, आणि ती घालताना एक फसगत ठरलेली. महिनोन्महिने सीलंटने बुजवलेले काटे टायरच्या आतून टोके काढून बसलेले असतात. ते न काढता ट्यूब घातली की पहिल्याच शंभर मीटरमध्ये ती जाते. टायरची आतली बाजू कापड गुंडाळलेल्या बोटांनी पूर्ण चाचपावी आणि प्रत्येक टोक काढून मगच ट्यूब बसवावी.

हवेचा दाब ही फुकटची सुधारणा आहे, आणि तिच्याकडेच सर्वाधिक दुर्लक्ष होते. पंक्चरच्या दुकानात अंगठ्याने दाबून टायर दगडासारखा होईपर्यंत हवा भरतात, आणि तो दाब सहज ४०-५० पीएसआय होतो. डोंगरात असा टायर खडकावरून उसळतो आणि घसाऱ्यावर पकड सोडतो. ७० किलोच्या स्वाराने २.३ ते २.४ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २१ ते २३ आणि मागे २४ ते २६ पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असेल तर चार-पाच पीएसआय जास्त ठेवावेत. नाहीतर दगडावर आदळताना ट्यूब रिम आणि दगड यांत चिमटते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. वजनाच्या दर दहा किलो फरकामागे दाब एक-दीड पीएसआयने बदलावा. रिमवर खणखणाट ऐकू आला तर दाब कमी आहे. वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला तरीही कमीच. दोन्ही नसेल तर पुढच्या खेपेला आणखी एक पीएसआय उतरवून पाहायला हरकत नाही. १६० पीएसआयपर्यंतच्या पायपंपाच्या तबकडीवर २२ आणि २५ मधला फरक वाचता येत नाही, तेव्हा कमी दाबाचे डिजिटल मापक वेगळे घ्यावे.

मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच आधी झिजतो. मधल्या ठोकळ्यांच्या कडा गोल झाल्या, ब्रेक मारल्यावर चाक घसरत पुढे जाऊ लागले किंवा बाजूचे ठोकळे बुडाशी चिरले की तो निवृत्त करावा. नवा टायर थेट मागे चढवण्याऐवजी, दोन्ही एकाच जातीचे असतील तर, पुढचा मागे न्यावा आणि नवा पुढे बसवावा. अशाने पुढच्या चाकाला कायम ताज्या कडा मिळतात. बाजूला धागे उघडे पडलेला टायर मात्र पुढे-मागे कुठेही ठेवू नये, ठोकळे कितीही शिल्लक असले तरी.